दंडाच्या पट्ट्यात न सापडणारं ब्लड प्रेशर

टूडी इकोचा रिपोर्ट हातात येतो. वरच्या बऱ्याच ओळी ठीकठाक असतात आणि खाली कुठेतरी छापलेलं असतं : 'मॉडरेट टीआर, मॉडरेट पीएएच, पीएएसपी ५५'. घरातले लोक गोंधळतात. सकाळीच तर डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं होतं, १२० बाय ८० आलं होतं. मग हे दुसरं प्रेशर कुठून आलं?

हे प्रेशर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधलं आहे. 'पीएएसपी' म्हणजे फुप्फुस धमनीतला वरचा आकडा, आणि 'पीएएच' म्हणजे पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन, तिथलं वाढलेलं प्रेशर. दंडावरच्या पट्ट्याला त्याचा पत्ताच लागत नाही. दंडाचं बीपी अगदी उत्तम असताना फुप्फुसातलं दुप्पट-तिप्पट झालेलं असू शकतं. हा लेख लिहिण्याचं कारण मात्र वेगळंच आहे. रिपोर्टवरचा 'पीएएच' हा शब्द वाचून पुष्कळ घरांत रोगाचं नाव कळलं असं मानलं जातं आणि शोध तिथेच थांबतो. खरं तर तिथून तो सुरू व्हायला हवा. फुप्फुसातलं प्रेशर का वाढलं, याची उत्तरं अनेक आहेत. एका उत्तरात ऑपरेशनने माणूस जवळजवळ पूर्ण बरा होतो, दुसऱ्यात महागड्या गोळ्या जीव वाचवतात, आणि तिसऱ्यात त्याच गोळ्या घात करतात.

उजव्या बाजूचं काम

हृदय एकच असलं तरी त्याच्या दोन बाजू दोन वेगळी कामं करतात. शरीरभर फिरून आलेलं, ऑक्सिजन संपत आलेलं रक्त उजव्या बाजूला येतं. उजवा खालचा कप्पा ते फुप्फुसात ढकलतो. तिथे ते ऑक्सिजन घेतं, डाव्या बाजूला येतं आणि डावा कप्पा ते मेंदूपासून पायाच्या बोटांपर्यंत पाठवतो. आराम करत असताना दोन्ही बाजू मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे पाठवतात. एका बाजूने कमी आणि दुसरीने जास्त असं फार वेळ चालूच शकत नाही, कारण रस्ता गोल आहे.

मात्र दाबात मोठा फरक आहे. डाव्या बाजूने तयार होणारा दाब १२० बाय ८०, तर फुप्फुस धमनीतला साधारण २५ बाय १०. सरासरी काढली तर निरोगी माणसात तो १४च्या आसपास भरतो. इतका कमी दाब असण्यामागे कारण आहे. हवेच्या पिशव्यांभोवतीच्या केशवाहिन्यांची भिंत अतिशय पातळ असते. तिथे दाब जास्त राहिला तर रक्तातलं पाणी झिरपून हवेच्या जागेत शिरेल. म्हणून फुप्फुसातल्या वाहिन्या सैल, लवचिक आणि भरपूर असतात. आपण जिना चढतो किंवा धावतो तेव्हा रक्ताचा ओघ कित्येक पट वाढतो, तरी मिटून बसलेल्या वाहिन्या उघडतात आणि दाब थोडासाच चढतो.

उजवा कप्पा या हलक्या कामासाठीच घडलेला आहे. डाव्या कप्प्याची भिंत जवळपास १ सेंटिमीटर जाड, उजव्याची ३ ते ५ मिलिमीटर. लोहाराच्या भात्याने हवा ढकलावी तसा तो आपली बाहेरची पातळ भिंत मधल्या पडद्याकडे ओढून रक्त ढकलतो. जास्त रक्त आलं तर तो सांभाळून घेतो. समोरचा दाब वाढला की मात्र त्याची अडचण होते.

दाब हळूहळू, महिन्यांमागून महिने वाढला तर हा कप्पा आधी भिंत जाड करतो आणि निभावतो. या काळात माणसाला फारसं काही जाणवत नाही. नंतर कप्पा फुगू लागतो. फुगला की त्याच्या दारातली झडप, म्हणजे ट्रायकस्पिड, नीट मिटेनाशी होते आणि प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे फिरतं. रिपोर्टमधलं 'टीआर' ते हेच. उजवा कप्पा आणखी फुगला की दोन्ही कप्प्यांमधला पडदा डावीकडे रेटला जातो. इकोच्या आडव्या छेदात डावा कप्पा एरवी गोल दिसतो, तो आता इंग्रजी 'डी' अक्षरासारखा चपटा दिसतो. डाव्या बाजूला आधीच रक्त कमी पोचत असतं, त्यात तिची जागाही आखडते. अशा रीतीने उजव्या बाजूचं दुखणं शेवटी दंडाच्या बीपीपर्यंत पोचतं, आणि या आजारात ते बीपी वाढत नाही, पडतं. ते पडलं की उजव्या कप्प्याच्या स्वतःच्या स्नायूला मिळणारं रक्तही घटतं आणि तो आणखी दुबळा होतो. अतिदक्षता विभागात डॉक्टरांना ज्याची धास्ती असते ते चक्र हेच.

पायाची सूज, जिन्यावरची धाप

सुरुवातीचं लक्षण एकच आणि अगदी साधं : चालताना, चढताना लागणारी धाप. बसल्यावर ती थांबते, म्हणून मनावर घेतली जात नाही. 'वजन वाढलंय', 'रक्त कमी आहे', 'वय झालं', 'टेन्शन घेते ती' अशी कारणं घरात मिळतात. दवाखान्यात कधी दमा समजून पंप दिला जातो. लक्षणं सुरू होण्यापासून नेमकं निदान होईपर्यंत दोन-दोन वर्षं जातात, आणि हे प्रगत देशांतसुद्धा घडतं. तरुण बाईची धाप अशक्तपणाच्या खात्यात टाकून देण्याची आपल्याकडची सवय मला सर्वांत जास्त डाचते, कारण या आजाराच्या एका प्रकारात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्पष्टपणे जास्त असतं.

एक लक्षण मात्र कधीच सोडून देऊ नये. जिना चढताना, घाईने चालताना किंवा चढावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस कोसळणं. श्रम करताना स्नायूंना जास्त रक्त हवं असतं, उजवी बाजू ते पुरवू शकत नाही, बीपी घसरतं आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. उन्हात उभं राहून आलेली चक्कर निराळी. श्रमात आलेली मूर्च्छा ही इको करून घेण्याची सूचना समजावी.

उजवी बाजू थकली की मागे रक्त तुंबायला लागतं. पायांवर सूज येते, संध्याकाळी जास्त. नडगीवर बोट दाबून धरलं तर खळगा पडतो आणि भरायला वेळ लागतो. मानेची शीर बसलेल्या माणसातही टम्म फुगलेली दिसते. यकृत सुजल्यामुळे उजव्या बरगडीखाली जड वाटतं, दोन घासांत पोट भरतं, पुढे पोटात पाणी साठतं. आतड्यांना सूज असल्याने भूक मरते आणि माणूस हातापायांनी वाळतो, पण वजनकाट्यावर आकडा वाढलेला असतो, कारण ते वजन पाण्याचं असतं. मूत्रपिंडांना रक्त कमी मिळतं. त्यांना वाटतं शरीरात पाणीच कमी आहे, म्हणून ती मीठ-पाणी आणखी धरून ठेवतात.

डावं हृदय थकलं तर पाणी फुप्फुसात साठतं. माणसाला आडवं झोपता येत नाही, रात्री उठून बसावं लागतं. उजवं थकलं तर पाणी पायात, पोटात, यकृतात साठतं. बऱ्याच रुग्णांत पुढेपुढे दोन्ही एकत्र दिसतं, कारण उजवं थकण्याचं सर्वांत मोठं कारण डावं हृदयच आहे.

कारण कोणतं?

जगभरचे डॉक्टर या आजाराची कारणं पाच गटांत मांडतात. सर्वांत मोठा गट डाव्या हृदयाच्या आजारांचा. वर्षानुवर्षांचं बीपी, मधुमेह आणि लठ्ठपणा यांमुळे डावा कप्पा ताठर होतो, नीट सैलावत नाही, आणि त्याच्या मागे फुप्फुसात दाब चढतो. भारतात याच गटात आणखी एक कारण आहे, जे श्रीमंत देशांतून जवळपास हद्दपार झालंय : लहानपणचा रुमॅटिक ताप. घशाच्या जंतुसंसर्गानंतर सांधे सुजतात, ताप येतो, बरा होतो, आणि काही वर्षांनी हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप आकसते. तरुण बाई गरोदरपणात धापा टाकत येते तेव्हा कित्येकदा हेच निघतं. जपानच्या कानजी इनोउए यांनी १९८२ मध्ये जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन ही झडप उघडण्याची पद्धत आणली. छाती न उघडता झडप मोकळी होते आणि बहुतेकांत फुप्फुसातला दाबही उतरतो. ज्या मुलाला रुमॅटिक ताप येऊन गेलाय त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन अनेक वर्षं द्यावं लागतं. ते चुकवू नये. एवढ्या स्वस्त औषधाने एवढा मोठा आजार टळतो, अशी उदाहरणं फार नाहीत.

दुसरा मोठा गट फुप्फुसांच्या आजारांचा. फुप्फुसाच्या एखाद्या भागात ऑक्सिजन कमी असेल तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. फॉन ऑयलर आणि लिलयेस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. एखाद्या कोपऱ्यापुरती ही सोय उत्तम. पण सगळ्याच फुप्फुसात ऑक्सिजन कमी असेल तर सगळ्याच वाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत शंभर वर्षांपूर्वी उंच डोंगरी कुरणांवर नेलेल्या काही गायींच्या छातीखाली सूज येऊन त्या मरत. ते उजवं हृदय थकल्याचं पाणी होतं. वेळेत खाली आणलेल्या गायी सुधारत.

आपल्या घरांत हे काम चुलीचा धूर करतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं की जगात तंबाखू ओढणारे सुमारे १ अब्ज असतील, तर लाकूड-गोवऱ्यांचा धूर सोसणारे सुमारे ३ अब्ज. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या आजीला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा जुनाट आजार, होतो तो या धुराने. टीबी बरा झाल्यावर राहिलेले व्रण, दगडखाणीतल्या धुळीने होणारा सिलिकोसिस, फुप्फुस ताठर करणारे आजार, झोपेत घोरता घोरता श्वास अडकणं, हे सगळे याच गटात येतात. टीबीचा कोर्स पूर्ण झाला, थुंकी स्वच्छ आली, तरी धाप राहिली तर 'टीबी गेला ना, मग झालं' म्हणून सोडू नये.

पुढचा गट रक्ताच्या गुठळ्यांचा. पायाच्या शिरेतली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकते हे पुष्कळांना माहीत असतं. बहुतेकांत औषधं चालू असताना ती विरघळते. काहींत मात्र ती वाहिनीच्या भिंतीला चिकटून तंतूंसारखी घट्ट होते आणि रस्ता कायमचा अडवते. या प्रकाराकडे मुद्दाम लक्ष वेधावंसं वाटतं, कारण तो ऑपरेशनने बरा होऊ शकतो. शरीर २० अंशांच्या आसपास थंड करून, रक्ताभिसरण थोडा वेळ पूर्ण थांबवून, वाहिन्यांच्या आतलं जुनं अस्तर सोलून काढतात. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठाने ही शस्त्रक्रिया नावारूपाला आणली, आणि भारतातही निवडक केंद्रांत ती होते. ज्यांना ती झेपत नाही त्यांच्यासाठी फुग्याने वाहिन्या उघडण्याचा मार्ग आणि रिओसिग्वाट नावाची गोळी आहे. पण हे सगळं गुठळी शोधली तरच. त्यासाठी व्हीक्यू स्कॅन नावाची, फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारी तपासणी लागते. साध्या सीटीत जुन्या गुठळ्या निसटू शकतात. कारण सापडत नसेल तर 'व्हीक्यू स्कॅन करायचा का?' हे डॉक्टरांना बेलाशक विचारावं.

त्यानंतरचा गट खऱ्या अर्थाने 'पीएएच' म्हणण्याजोगा. यात फुप्फुसातल्या बारीक धमन्यांच्याच भिंती जाड होऊन पोकळी बुजत जाते. काहींत कारण कधीच सापडत नाही, काहींत ते घराण्यातून येतं. 'बीएमपीआर२' या जनुकातला दोष २००० मध्ये सापडला. त्वचा ताठ करणारा स्क्लेरोडर्मा, एचआयव्ही, यकृताचा सिरोसिस यांच्या सोबतीनेही हा होतो. औषधांनीही होतो. १९६०च्या दशकात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत भूक मारणारी अमिनोरेक्स ही गोळी विकली गेली आणि तिच्यामागोमाग या दुर्मीळ आजाराची लाटच आली. १९६८ मध्ये गोळी बाजारातून काढली गेली. त्या धक्क्यानंतर १९७३ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांना एकत्र बसवलं आणि या आजाराची व्याख्या ठरली. वजन घटवणाऱ्या अनोळखी गोळ्या-पावडरी मागवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

हृदयाला जन्मजात भोक असलेली मुलंही याच गटात मोडतात. भोक मोठं असेल तर डाव्या बाजूचं रक्त जोराने उजवीकडे येतं आणि फुप्फुसावर ओघ आणि दाब दोन्ही आदळतात. वाहिन्या वर्षांमागून वर्षं जाड होत जातात. एक दिवस उजवीकडचा दाब डावीकडच्याच्या वर जातो, रक्त उलट वाहू लागतं, आणि ओठ-नखं निळी पडतात. ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये अशा ३२ वर्षांच्या माणसाचं वर्णन केलं होतं. या टप्प्यावर भोक बुजवता येत नाही. आता तेच भोक उजव्या कप्प्याला दाब सोडायला उपयोगी पडत असतं, ते बंद केलं तर माणूस दगावतो. म्हणून 'मूल जरा मोठं होऊ दे, मग बघू' हा निर्णय आजी-आजोबांनी नाही, बालहृदयरोगतज्ज्ञांनी घ्यायचा असतो. लहान भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात, हे खरं. मोठी बुजत नाहीत, आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत तर वाहिन्या लवकर बिघडतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडी-शाळांतल्या मुलांची तपासणी होते, त्यात हृदयाचे जन्मजात दोषही धरलेले आहेत. त्या पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नका.

उरलेल्या गटात अनेक गुंतलेली कारणं येतात. त्यातलं विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या घरांना जवळचं म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार.

आकडा किती खरा?

इको हा अंदाज आहे. ट्रायकस्पिडमधून मागे फिरणाऱ्या रक्ताचा वेग मोजून त्यावरून दाब काढतात. त्यात १० अंकांचा फरक सहज पडू शकतो. शिवाय इको वरचा दाब सांगतो, तर आजाराची व्याख्या सरासरी दाबावर आहे. पूर्वी ती २५ किंवा त्याहून जास्त होती, २०१८ मध्ये नीसच्या जागतिक परिषदेने ती २० च्या वर अशी आणली. त्यामुळे इकोतला ३५ आणि व्याख्येतला २० यांची तुलना करू नये.

आणखी एक फसवी गोष्ट. उजवा कप्पा फारच दुबळा झाला तर तो दाब तयारच करू शकत नाही, आणि आकडा खाली येतो. रिपोर्टवर ७०चे ५५ झालेले बघून घरी पेढे वाटावेसे वाटतात, पण पाय सुजलेले आहेत आणि माणूस चार पावलांत धापतोय, तर ती सुधारणा नव्हे. आकड्यापेक्षा उजवा कप्पा कसा आकुंचन पावतो, किती फुगलाय, आणि माणूस सहा मिनिटांत किती चालतो, हे जास्त बोलकं असतं.

नेमका दाब मोजायचा तर शिरेतून बारीक नळी उजव्या हृदयातून फुप्फुस धमनीपर्यंत न्यावी लागते. ही तपासणी ऐकून लोक घाबरतात. १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने हाताच्या शिरेतून स्वतःच्याच हृदयापर्यंत नळी सरकवली आणि तशीच घेऊन तो एक्स-रेच्या खोलीत चालत गेला. तेव्हा त्याची हेटाळणी झाली, १९५६ मध्ये नोबेल मिळालं. आज अनुभवी केंद्रांत ही तपासणी रोजची आहे. डाव्या हृदयाचा दोष आहे की फुप्फुसातल्या वाहिन्यांचा, हे तिच्यातच पक्कं कळतं. प्रत्येक पेशंटला ती लागत नाही, पण पीएएचची खास औषधं सुरू करण्याआधी ती व्हायलाच हवी.

औषधं, आणि ती कुणासाठी

खऱ्या पीएएचसाठी १९९५ पर्यंत मंजूर औषधच नव्हतं. १९८०च्या दशकात अमेरिकेत नोंद ठेवलेल्या, कारण न सापडलेल्या रुग्णांपैकी निम्मे निदानानंतर २.८ वर्षांत गेले होते. १९९५ मध्ये एपोप्रोस्टेनॉल आलं, २००१ मध्ये बोसेंटन, २००५ मध्ये सिल्डेनाफिलला या आजारासाठी मान्यता मिळाली. नंतर टाडालाफिल, अँब्रिसेंटन, मॅसिटेंटन आली. आता दोन-तीन औषधं एकत्र आणि लवकर सुरू करतात. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं सोटाटर्सेप्ट हे तीन आठवड्यांनी त्वचेखाली द्यायचं इंजेक्शन वाहिन्यांच्या भिंतीतल्या बिघाडावरच काम करतं. यातल्या सिल्डेनाफिल-टाडालाफिल या गोळ्या भारतात बनतात आणि त्या मानाने परवडतात.

परवडतात म्हणूनच धोका आहे. डाव्या हृदयामुळे किंवा ताठर फुप्फुसामुळे दाब वाढलेला असेल तर या गटातल्या काही औषधांनी रुग्ण बिघडल्याचं चाचण्यांत दिसलंय. शेजारच्या काकांना लागू पडली म्हणून ती घेऊ नये. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल चालू असेल तर छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची नाही. बीपी इतकं कोसळतं की जीव जाऊ शकतो. आपल्याकडे सॉर्बिट्रेट पाकिटात घेऊन फिरण्याची पद्धत आहे, म्हणून घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा. रिओसिग्वाट आणि सिल्डेनाफिलही एकत्र चालत नाहीत. बोसेंटनवर यकृताची तपासणी दर महिन्याला करावी लागते, आणि पोटातल्या बाळाला त्याने इजा होते.

बाळाचा विषय निघालाच आहे. या आजारात गरोदरपण आईच्या जिवावर बेतू शकतं. रक्ताचं प्रमाण वाढतं, बाळंतपणात दाब हेलकावतो, आणि बाळंतपणानंतरचे दिवसही धोक्याचे असतात. सासर-माहेर दोघांनाही हे डॉक्टरांकडून समोरासमोर ऐकवणं बरं, म्हणजे त्या बाईला एकटीने सगळ्यांना समजावत बसावं लागत नाही.

उजव्या हृदयाच्या थकव्यावर मुख्य आधार लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा. त्यांनी तुंबलेलं पाणी उतरतं, फुगलेला कप्पा थोडा आटोपशीर होतो आणि डावीकडे जागा होते. रक्तातला ऑक्सिजन सततच कमी असेल, साधारण ८८ टक्के किंवा त्याखाली, तर सीओपीडीत दिवसाचे किमान १५ तास ऑक्सिजन घेतल्याने आयुष्य वाढतं. धाप लागली की दहा मिनिटं नळी लावायची आणि काढायची, याने तो फायदा मिळत नाही.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावं. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, सूज दिसायची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावं. लोणचं, पापड, खारवलेले मासे, फरसाण बंद करावं, आणि मिठाऐवजी मिळणारं 'लो सोडियम' मीठ डॉक्टरांना न विचारता आणू नये, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळीसोबत ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकतं. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घ्याव्यात. चालणं झेपेल तेवढं सुरू ठेवावं, जड वजन उचलणं आणि श्वास रोखून जोर लावणं टाळावं. सिंहगड किंवा लेह-लडाखचा बेत आधी विचारून. पीएएचची गोळी संपली म्हणून दोन दिवस बंद, असं कधीही करू नये, काहींत दाब एकदम उसळतो. स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी पुढची घरात असावी. आणि चालता चालता शुद्ध हरपली, ओठ निळे दिसले, लघवी एकदम कमी झाली किंवा थुंकीतून रक्त आलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं आणि आधीचे सगळे इको रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून सोबत न्यावेत.